प्राध्यापक हाल्डेन आणि रक्ताच्या नात्याचे गणित

पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवलेल्या, झुली पांघरलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, तेव्हा आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील जुनेजाणते कास्तकार त्यांच्याकडे पाहून एकेकाचा स्वभाव सांगू लागतात. हा बैल गरीब, तो मारका. हा जुवाखाली मान देणारा, तो अंगचोर. इतक्यावर ते थांबत नाहीत. याची आई कशी होती, याचा बाप कोणत्या गोठ्यातला, हेही ते सांगतात आणि खाण तशी माती या म्हणीवर बोलणे संपवतात. जनावराच्या अंगी रंग आणि बांधा जसा वंशाने येतो, तसा स्वभावही वंशाने येतो काय? आणि येत असेल, तर दुसऱ्यासाठी झिजण्याचा, प्रसंगी जीव देण्याचा स्वभाव सृष्टीत टिकला तरी कसा? जो दुसऱ्यासाठी मरतो, त्याचा वंश तर तेथेच खुंटावयास हवा!

या कोड्याला गणिताचा हात प्रथम लावणाऱ्या थोड्या विद्वानांमध्ये प्राध्यापक जे. बी. एस. हाल्डेन यांची गणना होते. ते जन्माने इंग्रज होते, परंतु आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी भारतात, भारताचे नागरिक म्हणून घालविली. त्यांचे चरित्र बोधप्रद आहे आणि मनोरंजकही आहे.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित संशोधक होते. कोळशाच्या खाणीत साचणारे विषारी वायू आणि त्यांचा मनुष्याच्या श्वासावर होणारा परिणाम, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आपल्या परासियाच्या बाजूस कोळशाच्या खाणी आहेत. तेथे खाली उतरणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागत नाही. वडील मुलालाही बरोबर नेत. एकदा एका खाणीत त्यांनी बाल हाल्डेनला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळी होताच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र हवा चांगली होती. तेथे त्याला पुन्हा श्वास घेता आला. खाणीतील तो ज्वलनशील वायू हवेपेक्षा हलका असून छताशी साचतो, हा धडा त्या मुलाला जन्मभर पुरला. जे दुसऱ्यावर करून पाहावयाचे, ते आधी स्वतःवर करून पाहावे, ही या घरातील रीतच होती.

१९०१ साली, आठ वर्षांच्या वयात, वडिलांबरोबर तो एका व्याख्यानास गेला. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर केलेले आणि पस्तीस वर्षे विस्मृतीत पडलेले प्रयोग नुकतेच उजेडात आले होते. व्याख्यान त्याविषयी होते. आईबापांचे गुण अपत्यांत दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते दाण्यादाण्याने, ठरावीक प्रमाणात उतरतात, हे मेंडेलने मोजून दाखविले होते. या दाण्यांनाच आज आपण जनुके म्हणतो. पुढे धाकटी बहीण नेओमी हिला गिनीपिग पाळण्याचा छंद लागला आणि घराच्या हिरवळीवर कुंपणाआड त्या प्राण्यांचा मोठा संसार उभा राहिला. भावंडांनी त्यांच्या पिढ्यांची टिपणे ठेवली. नंतर उंदरांवर प्रयोग केले. काही गुण जोडीजोडीनेच वारशाने उतरतात, हे सस्तन प्राण्यांत दाखवून देणारा त्यांचा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावे होती: हाल्डेन, नेओमी आणि त्यांचा मित्र स्प्रंट. परंतु निबंध प्रसिद्ध झाला त्या वर्षीच स्प्रंट महायुद्धात कामास आला. हाल्डेन स्वतःही तेव्हा फ्रान्समधील आघाडीवर होते.

गंमत अशी की, जीवशास्त्राच्या इतिहासात अमर झालेल्या या मनुष्याने विद्यापीठात जीवशास्त्राची पदवी कधीच घेतली नाही. त्यांचे शिक्षण गणितात आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मयात झाले होते. युद्धात ते दोनदा जखमी झाले. दुसऱ्या वेळी मेसोपोटेमियातून त्यांना भारतात पाठविण्यात आले आणि बरे झाल्यावर काही काळ त्यांनी आपल्याच मध्यप्रदेशातील महू येथे सैनिकांना बाँब हाताळण्याचे शिक्षण दिले. हा देश त्यांना आवडला; परंतु येथे राज्यकर्त्याच्या तोऱ्यात राहणे त्यांना रुचले नाही. भारत स्वतंत्र झाल्यावाचून पुन्हा येथे यावयाचे नाही, असा निश्चय करून ते परतले.

१९२३ साली ते केंब्रिज येथे जीवरसायनशास्त्राचे अध्यापक झाले आणि १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेले. या काळात त्यांनी आपले सर्वांत मोठे कार्य केले. डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला होता. परंतु एखादा उपयुक्त गुण किती पिढ्यांत किती पसरतो, हे कोणी मोजले नव्हते. हाल्डेन यांनी १९२४ पासून दहा वर्षे एकामागून एक निबंध लिहून हा हिशोब मांडला. इंग्लंडातील फिशर, अमेरिकेतील राइट आणि हाल्डेन या तिघांनी मिळून डार्विनचा सिद्धांत आणि मेंडेलचे नियम यांची सोयरीक जुळविली, असे म्हणावयास हरकत नाही.

याच विषयावर त्यांनी १९३२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी परोपकाराचे कोडे हाती घेतले. आपल्या सातपुड्याच्या रानात उंच झाडांना आग्या मोहोळ लागते. त्याला कोणी डिवचले, तर कामकरी माशा शत्रूवर तुटून पडतात. माणसाच्या कातडीत रुतलेली नांगी मागे राहते आणि ती माशी मरते. कामकरी माशीला सहसा स्वतःची संततीही नसते. मग तिचा हा लढाऊ स्वभाव पुढच्या पिढीत जातो कसा? उत्तर असे की, तो तिच्या आईच्या, म्हणजे राणीच्या, द्वारे जातो. ज्या राणीच्या मुली पोळे राखण्यासाठी मरावयास तयार असतात, त्या राणीचे पोळे टिकते आणि तिच्याच वंशाच्या नव्या राण्या बाहेर पडतात. मरणाऱ्या माशीचे जनुक तिच्या बहिणींत जिवंत राहते. ज्यांना स्वतःची संतती नाही, अशा प्राण्यांच्या त्यागाला म्हणून सीमा नसली तरी चालते, हे हाल्डेन यांच्या ध्यानी आले होते.

पुढे १९५५ साली एका लेखात त्यांनी हाच विचार माणसाला लावून पाहिला. समजा, नदीला पूर आला आहे आणि एक मूल वाहून चालले आहे. काठावरच्या मनुष्यात असे एखादे दुर्मिळ जनुक आहे की, ज्यामुळे तो मागचापुढचा विचार न करता उडी घेतो. अशा दहा उड्यांपैकी एकीत उडी घेणारा बुडतो आणि मूल दर वेळी वाचते, असे धरू. ते मूल त्याचे स्वतःचे किंवा त्याचे भावंड असेल, तर त्याच्यात तेच जनुक असण्याचा संभव निम्मा. म्हणजे एक जनुक बुडाले, तर पाच वाचली. मूल नातू किंवा पुतण्या असेल, तर एकास अडीच. चुलत भावंड असेल, तर एकास सव्वा, लाभ नावापुरताच. चुलत भावंडाचे मूल असेल, तर मात्र हा व्यवहार तोट्याचा. पूर्वी माणसे लहान लहान वस्त्यांत राहत आणि काठावरच्या बहुतेकांचे वाहणाऱ्या मुलाशी काही ना काही नाते असे; अशा वस्तीत त्यागाचा स्वभाव पसरू शकला असेल, असे त्यांनी सुचविले.

हे गणित पाहून कोणाला वाटेल की, हा मनुष्य मोठा कोरडा असला पाहिजे. परंतु त्याच लेखात त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे की, बुडण्याच्या बेतात असलेल्या माणसांना आपण स्वतः दोनदा पाण्याबाहेर काढले आणि त्या वेळी असला हिशोब करण्यास मुळीच सवड नव्हती. या कबुलीत त्यांच्या शास्त्राचे मर्म आहे. जनुक मोजत नाही आणि माणूसही मोजत नाही. काळाच्या ओघात जो स्वभाव टिकला, त्याचा जमाखर्च शास्त्रज्ञ मागाहून मांडतो, इतकेच.

रक्ताचा महिमा इतका, तर मग शिक्षण, संगोपन आणि परिस्थिती यांना अर्थच नाही काय? हाल्डेन यांचे मत याच्या अगदी उलट होते. १९४६ सालच्या एका निबंधात त्यांनी दाखविले की, एक वंश दुसऱ्याहून श्रेष्ठ, असे परिस्थिती सांगितल्यावाचून म्हणताच येत नाही. आपल्या संत्र्याच्या बागाइतदारांना हे निराळ्या भाषेत ठाऊक आहे. एकाच झाडाचे डोळे जंबेरीच्या खुंटांवर भरून तयार केलेली कलमे वंशाने सारखीच असतात. तरीही पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीतले कलम बहरते आणि पाणी धरून ठेवणाऱ्या चोपण जमिनीतले खंगते. उलट दोन निराळ्या जातींची रोपे घेतली, तर एका शेतात जी सरस ठरते, तीच दुसऱ्या शेतात मागे पडू शकते. प्राण्यांच्या स्वभावाचेही असेच आहे. रशियात बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग आरंभिला. प्रत्येक पिढीतील जे कोल्हे माणसाला कमी बुजत, तेवढ्यांचीच वीण वाढविली. थोड्याच पिढ्यांत कुत्र्याप्रमाणे शेपूट हलवीत माणसाजवळ येणारी पिले निपजू लागली. स्वभाव वंशाने उतरतो, हे यावरून दिसते. परंतु मारक्या बैलाला तुतारीच दाखवीत गेले, तर तो अधिक मारका होतो, हा कास्तकाराचा अनुभवही तितकाच खरा. वंश बी देतो. पीक मात्र जमीन, पाणी आणि राखणदार मिळून काढतात.

जर्मनीत हिटलरची राजवट जेव्हा रक्ताच्या शुद्धतेचे नाव घेऊन माणसांना देशोधडीला लावू लागली, तेव्हा हाल्डेन गप्प बसले नाहीत. तेथून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी साहाय्य केले आणि १९३८ साली आनुवंशिकता व राजकारण या विषयावर ग्रंथ लिहून, शास्त्राच्या नावाखाली चाललेल्या वंशश्रेष्ठत्वाच्या गप्पांना शास्त्राचा आधार नाही, हे दाखवून दिले. १९३९ साली थेटिस नावाची इंग्रज पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली. त्यांच्या मृत्यूची कारणे शोधण्यासाठी हाल्डेन आणि त्यांचे सहकारी दाबाच्या लोखंडी कोठडीत स्वतः जाऊन बसले. या प्रयोगमालिकेत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना दुखापत झाली आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. त्या खलाशांशी त्यांचे कसले रक्ताचे नाते होते?

थोर पुरुषांचे दोष झाकून ठेवणे हे त्यांच्याशी प्रामाणिक राहणे नव्हे. हाल्डेन साम्यवादी पक्षाचे सभासद होते. रशियात लायसेंको नावाच्या मनुष्याने सत्तेच्या बळावर मेंडेलचे शास्त्रच खोटे ठरविले. ज्या वाविलोव्ह यांच्या निमंत्रणावरून हाल्डेन १९२८ साली रशियात गेले होते, ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मरण पावले. अशा वेळी हाल्डेन यांच्याकडून खणखणीत निषेधाची अपेक्षा होती. परंतु पक्षनिष्ठेपोटी ते बराच काळ अडखळत, सांभाळून घेत बोलत राहिले. १९५० च्या सुमारास ते पक्षातून दूर झाले. आपल्या गोटातील मनुष्य चुकला, तरी त्याला पाठीशी घालावेसे वाटणे, ही ओढ किती खोल असते, हे त्यांच्याच उदाहरणावरून दिसते. ज्याने या ओढीचे गणित मांडले, तोही तिच्यातून सुटला नाही.

भारत स्वतंत्र झाला आणि त्यांचा जुना निश्चय फळास आला. प्राध्यापक महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९५७ साली ते पत्नी डॉ. हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले. त्यांनी धोतर-सदरा स्वीकारला, मांसाहार सोडला आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून संशोधन होत नाही, ही तक्रार त्यांना मान्य नसे. डोळे, वही आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर काम करण्यास त्यांनी तरुणांना शिकविले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. दुसऱ्याने नारळाच्या झाडांवरील पानांचा फेर डावा की उजवा, हे पाहिले. तिसऱ्याने कोणते फुलपाखरू घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलावर बसते, याची नोंद ठेवली. सुरेश जयकर यांनी डॉ. स्पर्वे यांच्यासमवेत माळरानावरील टिटवीच्या घरट्यांवर पाळत ठेवली. ही पाखरे पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि तळपत्या उन्हात अंड्यांना गारवा देतात. प्राण्याला इजा न करता, त्याला न मारता त्याचा स्वभाव जाणून घ्यावा, असा हाल्डेन यांचा आग्रह होता. पक्ष्यांच्या अहिंसक अभ्यासाविषयीचा त्यांचा लेख १९५९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधमाशा नृत्याने एकमेकींना फुलांचा ठिकाणा कसा सांगतात, या विषयावरही या पतिपत्नींनी १९५४ साली निबंध लिहिला होता. मुलांसाठी त्यांनी एका जादूगाराच्या गोष्टींचे पुस्तकही लिहिले आहे.

कलकत्त्याची संस्था सोडल्यावर १९६२ साली ते भुवनेश्वर येथे गेले आणि ओरिसा सरकारच्या आश्रयाने त्यांनी तेथे आनुवंशिकी व जीवमिती यांची प्रयोगशाळा उभारली. परंतु थोड्याच काळात त्यांना कर्करोगाने गाठले. या रोगावर त्यांनी विनोदी कविता लिहिली! १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. देह वैद्यकीय शिक्षणाच्या कामी यावा, या त्यांच्या इच्छेनुसार तो काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी मागे ठेवली ती शिष्यपरंपरा, आणि आपल्याबरोबर भारतात आणलेले आनुवंशिकीचे नियतकालिक, जे आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघते.

त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी हॅमिल्टन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने आप्तस्वकीयांसाठी होणाऱ्या त्यागाचा सर्वसाधारण नियम गणिताने सिद्ध करून प्रसिद्ध केला. त्यागातून होणारा लाभ नात्याच्या प्रमाणात कमी करून घ्यावा. तरीही तो त्यागाच्या किमतीपेक्षा अधिक भरला, तर तो स्वभाव पसरतो, असा त्याचा आशय आहे. पुढे बंगळूर येथे राघवेंद्र गडगकर यांनी भारतीय गांधीलमाशीचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखविले की, केवळ रक्ताच्या जवळिकीने तिचे सहजीवन पूर्णपणे उलगडत नाही. एकटीने घरटे करण्यातील धोके आणि एकत्र राहण्यातील सोय यांचाही त्यात मोठा वाटा असतो. म्हणजे सहकार्याचे मूळ नात्यात असले, तरी त्याच्या फांद्या नात्याबाहेर पसरू शकतात.

आता पुन्हा पोळ्याकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते; गोटमारीचे दगड सुटतात आणि दरवर्षी कित्येकांची डोकी फुटतात. दोन गावांच्या प्रेमी जीवांना या दोन काठांमध्येच मरण आले, अशी त्यामागची दंतकथा आहे. दोन्ही काठांवरच्या लोकांनी आपला कोण आणि परका कोण, एवढेच त्या दिवशी मोजले असावे. रक्ताचे गणित नदीच्या मध्यावर येऊन थांबते, ते असे.

हाल्डेन यांनी हे गणित मांडले, परंतु स्वतःच्या जीवनात ते त्यापुढे गेले. परक्या खलाशांसाठी त्यांनी मणके मोडून घेतले, परक्या देशाला आपला म्हटले आणि मेल्यावर देहही परक्यांच्या मुलांना शिकण्यासाठी दिला. चांगुलपणाचा उगम कोठे झाला, हे शास्त्र सांगू शकते. त्याने कोठवर वाहत जावे, हे मात्र आपल्याला ठरवावयाचे असते. भाद्रपदात जाम किंवा कन्हान दुथडी भरून वाहू लागते. तिच्यातून एखादे मूल वाहत आले, तर ते कोणत्या काठाचे, कोणत्या घरचे, हे विचारण्याआधी ज्याचा हात त्याच्याकडे जाईल, त्याला हाल्डेन यांचे चरित्र कळले असे समजावे.